स्क्रीनवरची रेघ, डाग, पिवळेपणा: "आमचा तर ठीक आहे" हे ऐकून घेतलेल्यांनो, लिहा

पत्रिकावाली
काल भाचा आला तो रडकुंडीलाच. इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आलीये. त्यानं ऑनलाइन विचारलं, अजून कुणाला असं झालंय का? धडाधड उत्तरं. "माझा दोन वर्षं मस्त चाललाय", "पाडला असशील", "दुसऱ्या कंपनीचा माणूस दिसतोस". उलट्या बाजूनं "हे मॉडेलच भंगार, सगळ्यांचं हेच होतंय". पोराचा प्रश्न राहिला बाजूलाच.

मला माझा जुना मॉनिटर आठवला. तेव्हा मी सांगलीत गणपती पेठेत लग्नपत्रिकांचं डिझाइन करायचे. मॉनिटर नवा कोरा, पण डावीकडचा खालचा कोपरा पिवळट. एकच क्रीम रंगाचा चौकोन माउसनं उजवीकडून डावीकडे ओढत न्यायचा, अर्ध्यात रंग बदलायचा. पत्रिकेचा कागद पांढरा दाखवायचा की क्रीम, तेच कळेना. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांचे असेच असतात हो." कंपनीच्या फोनवर म्हणाले, "अशी तक्रार तुमचीच पहिली." दोन्ही एकदम कसं खरं असेल? आजही राग येतो.

२००९ च्या अखेरीला २७ इंची आयमॅक (स्क्रीनमध्येच बसवलेला कॉम्प्युटर) आला, त्यावरूनही असंच रण पेटलं होतं. कुणाचा खालचा भाग पिवळट, कुणाचा स्क्रीन फडफडतोय, आणि बाकीचे म्हणतायत मूठभर लोकांचा आरडाओरडा आहे. डिसेंबरात अ‍ॅपलनं फडफडण्यासाठी फर्मवेअर (यंत्रातलंच सॉफ्टवेअर) अपडेट काढलं, फेब्रुवारी २०१० मध्ये आणखी एक.

ज्याच्यासमोर रेघ आहे त्याला खोटं पाडू नका, आणि एका रेघेवरून अख्खं मॉडेल बाद करू नका, एवढंच माझं म्हणणं. तुमचं काय झालं ते लिहा. काय तपासलं तेही लिहा.

मिरज_जंक्शन
ताई, रिपेरिंगचं काम करतो म्हणून सांगतो. भाच्याला म्हणावं आधी स्क्रीनशॉट काढ आणि फोनवर पाठव. फोनवरच्या चित्रात रेघ दिसली तर ग्राफिक्स (चित्र तयार करणारी चिप) नाहीतर ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर). नाही दिसली तर पॅनेल, म्हणजे स्क्रीनची काच, किंवा केबल. मग एचडीएमआयनं टीव्हीला लाव, बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा सेटिंगचा स्क्रीन) उघडून बघ, तिथंपण रेघ असेल तर विंडोजचा संबंध नाही. शेवटी झाकण हळूहळू मागंपुढं कर. रेघ येत-जात असेल तर बिजागरीतली केबल आधी बघायची.

आणि गिऱ्हाईक रोज विचारतं, हे मॉडेल खराब आहे का? माझ्या टेबलावर येतात ते सगळे बिघडलेलेच. चांगले चाललेले कशाला येतील माझ्याकडं? एकूण किती विकले हे कंपनीलाच माहीत, ती काय सांगत नाही.

तासगाव_बाग
माझा ठीक आहे. पण माझा ठीक आहे म्हणून दुसऱ्याचा ठीक असतो असं नाही, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. शेजारच्या बागेत डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आला तरी आमच्यात नसतो कधीकधी. औषध फवारायचंय, नंतर येतो.

कराडचे_सर
शाळेच्या संगणक कक्षातल्या एका मॉनिटरवर मधोमध काळा ठिपका होता. पोरं बोटानं पुसायची. तक्रार केली तर "नियमात बसतो, बदलून मिळणार नाही". मग नियम शोधून वाचला. आयएसओ ९२४१-३०७ म्हणून मानक आहे, त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर १० लाख पिक्सेलमागे (पिक्सेल म्हणजे चित्राचा एकेक बारीक ठिपका) २ कायम पेटलेले आणि २ कायम विझलेले चालतात, उपपिक्सेलचे, म्हणजे एका पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांचे, दोष वेगळे. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २०.७ लाख पिक्सेल. म्हणजे चार काळे ठिपके असले तरी कागदोपत्री मॉनिटर चांगला. त्यात प्रत्येक कंपनीचा आपला नियम वेगळा. बिल करण्याआधी तो वाचायला मागा. आम्हाला कुणी दाखवलाच नव्हता.

पत्रिकावाली
सर, मधोमध ठिपका म्हणजे फार त्रास हो. मराठी टायपिंग शिकवताना अनुस्वारच वाटायचा पोरांना.

कराडचे_सर
अगदी तेच व्हायचं! "सर, इथं टिंब आहे का?" असं रोज कुणीतरी विचारायचं.

वाईहून_पुणे
"सगळ्यांना होतंय का" याचं उत्तर किती उशिरा मिळतं बघा. २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये स्क्रीनच्या खालच्या कडेला नाटकाच्या रंगमंचावर पडतात तसे उजेडाचे झोत दिसायचे, पुढं बॅकलाइटच (स्क्रीनमागचा दिवा) जायचा. झाकण उघडझाक करून आतली पातळ केबल झिजायची. जानेवारी २०१९ मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीच्या वेबसाइटनं ते उलगडून लिहिलं. मे २०१९ मध्ये अ‍ॅपलनं १३ इंचीसाठी फुकट दुरुस्ती सुरू केली. तोवर "तुम्हीच नीट वापरत नाही" हे ऐकलेले लोक किती असतील! केबल झिजायलाच दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळं पहिल्या वर्षी "माझा ठीक आहे" म्हणणाराही खरंच बोलत असतो.

हरिपूर_रोड
आमचं वेगळं. २०१९ च्या पुरात दुकानातला पीसी माळ्यावर टाकला, पाणी तिथवर आलं नाही, पण महिनाभर ओल होती घरात. नंतर मॉनिटरच्या कडेनं ढगासारखा डाग. सर्व्हिसवाला न उघडताच म्हणाला "पाण्यात भिजलाय, वॉरंटी गेली". भिजला नव्हता हो. मी स्वतः चादरीत गुंडाळून वर नेला होता.

गावभाग_सांगली
दादा, त्या ऑगस्टात आमच्याकडं कपाटातली कागदपत्रं पण गेली. बिलं नाहीत म्हणून फ्रिजचं पण असंच केलं. वहिनी कशा आहेत आता? गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना?

हरिपूर_रोड
झालं, चालतात घरात. काठी सोडलीय.

पत्रिकावाली
दादा, न उघडता शेरा मारला तर लेखी मागायचा. भिजल्याची खूण आत कुठं आहे ते दाखवा म्हणायचं. भाच्याचं कळलं: स्क्रीनशॉटमध्ये रेघ नाही, झाकण अर्धं मिटलं की जाते. मिरजेच्या भाऊंचे आभार.

साताऱ्याची_वकीण
वॉरंटीत असूनही टाळत असतील तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार देता येते, कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि "सगळ्यांचे खराब आहेत" हे तुम्हाला सिद्ध करायचं नसतंच. तुमच्या हातातली वस्तू सदोष आहे, एवढंच दाखवायचं. फोटो, बिल, सर्व्हिसचा कागद जपून ठेवा.

विश्रामबाग_आई
"सगळ्यांचे खराब आहेत" हे सिद्ध करायचं नसतं, हे वाक्य फार कामाचं. मुलगा रात्र रात्र अनोळखी लोकांशी भांडत बसतो, कशाला म्हणते मी.

वाईहून_पुणे
एक राहिलं. एकाच मॉडेलमध्ये कधीकधी वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेल असतात. खोक्यावरचा नंबर सारखा, आतल्या पॅनेलचा वेगळा. त्यामुळं "माझा चांगला" आणि "माझा पिवळा" दोघंही खरे असू शकतात. तुलना करायची तर पॅनेलचा नंबर लिहा.

कराडचे_सर
मिरजेचे भाऊ, तो नंबर बघायचा कुठं? आणि सोमवारी दुकान उघडं असतं का? बहिणीचा लॅपटॉप आणायचाय.

मिरज_जंक्शन
पॅनेलच्या मागं स्टिकरवर असतो सर, खोलावं लागतं. सोमवारी बंद, मंगळवारी या. कुठंही पॅनेल बदलून घेतलंत तरी जुन्याचा आणि नव्याचा नंबर तुमच्यासमोर वाचायला लावा, फोटो काढा, मगच पैसे द्या. येताना चार्जर आणा, लोक विसरतात.