रुबेन्सच्या चित्रात सगळे वर का चढत आहेत?

प्रश्न (वसईहून):
आमच्या घरी आजीच्या पलंगाच्या वर एक जुने छापील चित्र आहे. क्रुसाच्या भाराखाली कोसळलेला येशू, त्याच्या कपाळावरचे रक्त फडक्याने टिपणारी एक तरुणी आणि वर वर चढत जाणारे घोडेस्वार, असे ते दृश्य आहे. दमट हवेने कडेला तांबूस डाग पडले आहेत, पण मागे सतराव्या शतकातील चित्रकार रुबेन्सचे नाव वाचता येते. ही स्त्री बायबलमधल्या येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत मला सापडली नाही, ती कोण असावी? आणि सगळी गर्दी अशी चढणीवर का रेटलेली दिसते?

उत्तर (रेवदंड्याहून):
ती वेरोनिका. शुभवर्तमानांत तिचा उल्लेख नाही, ती लोकभक्तीतून आली. आपण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात क्रुसाची वाट चालतो, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातील एकेका प्रसंगाच्या स्थानापाशी थांबून प्रार्थना करतो; त्या वाटेचे सहावे स्थान वेरोनिकाचेच आहे. स्थानांची चौदा ही संख्या १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी निश्चित केली, म्हणजे हे चित्र त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीचे. क्रुसाला हात लावणारा कुरेनेकर शिमोन मात्र मार्काच्या शुभवर्तमानात आहे: रानातून येत असताना येशूचा क्रूस वाहण्यासाठी त्याला वेठीस धरले गेले. आमच्याकडे होडी वाळूवर ओढताना माणसे खांदा लावतात, तेव्हा पाठीचे स्नायू कसे ताठतात ते पाहिलेल्याला चित्रातल्या मदतनिसांच्या पाठी लगेच ओळखू येतात.

उत्तर (मालवणहून):
चढणीबद्दल सांगतो. मूळ चित्र १६३४ ते १६३७ या काळात बेल्जियममधल्या अफ्लिगेमच्या मठातील वेदीसाठी रंगवले गेले आणि आता ब्रसेल्सच्या शाही ललितकला संग्रहालयात आहे. त्याची उंची साडेपाच मीटरहून अधिक आहे. उपासक खाली गुडघे टेकून मान वर करून पाहणार, हे धरूनच रुबेन्सने मिरवणूक वळणे घेत वर नेली आणि कोसळलेल्या ख्रिस्ताचा चेहरा गर्दीकडे न वळवता पाहणाऱ्याकडे वळवला. डोळ्यांसमोर टांगलेल्या लहान छापील प्रतीत ही चढण हरवते आणि केवळ दाटी उरते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. आज फ्रेम माळ्याच्या कठड्याला टेकवून मी खाली जमिनीवर बसून पाहिली. अगदी तळाशी येशूबरोबर क्रुसावर चढवल्या जाणाऱ्या दोन चोरांना ओढत नेत आहेत. पलंगाच्या उंच पाटामुळे ते इतकी वर्षे मला दिसलेच नव्हते.