कैराकुएन स्थानकावर गाडी नेमकी केव्हा थांबते?

प्रश्न – पायवाट
फेब्रुवारीच्या अखेरीस आईवडिलांना तोक्योहून मितो येथील कैराकुएन बागेत उमेचा (जपानी जर्दाळूच्या फुलांचा) बहर पाहायला नेण्याचा विचार आहे. नकाशात जोबान रेल्वेमार्गावर बागेला खेटूनच स्थानक दिसते. परंतु शुक्रवारी तेथे एकही गाडी थांबत नाही, आणि शनिवारी जाण्याच्या गाड्या असल्या तरी परतीची मात्र एकही नाही. हे स्थानक चालू आहे का? आईचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतो.

उत्तर – रूळमार्ग
स्थानक चालू आहे, पण हंगामी आहे. १९२५ साली सुरू झालेल्या या स्थानकावर उमे महोत्सवाच्या काळात, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, तेही दिवसाच्या ठरावीक वेळेतच गाड्या थांबतात. फलाट फक्त मितोकडे जाणाऱ्या मार्गाला आहे. तोक्योकडे येणारी गाडी समोरून न थांबता निघून जाते. म्हणून परतताना आधी पुढच्याच मितो स्थानकावर जावे आणि तेथून तोक्योची गाडी धरावी. काही एक्स्प्रेस गाड्याही येथे थांबतात, मात्र त्यांची आसने आरक्षित असल्याने तिकीट आधीच काढलेले बरे.

उत्तर – सेनबाकाठ
आईंसाठी मी मितोला उतरून बस घेण्याचाच सल्ला देईन. बाग सेनबा तलावावरच्या उंचवट्यावर असल्याने फलाटावरून पूर्वेच्या दरवाजाकडे जाताना चढ लागतो. बस शुक्रवारीही मिळते आणि सुट्टीच्या दिवसांची गर्दीही टळते. मितोचे सरदार तोकुगावा नारिआकी यांनी १८४२ मध्ये ही बाग प्रजेसह उपभोगण्यासाठी खुली केली. आज तेथे सुमारे १०० जातींची ३,००० उमेची झाडे आहेत, त्यामुळे सगळे एकदम फुलत नाहीत आणि एखादा आठवडा मागेपुढे झाला तरी निराशा होत नाही. १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळून पुन्हा उभारलेले कोबुनतेई हे तीन मजली लाकडी घर चुकवू नका. तिसऱ्या मजल्यावर जेवण चढवण्यासाठी कप्पीवर ओढायचा पाळणा तेथे आहे. माणसांना मात्र जिनाच चढावा लागतो, तेव्हा आईंनी खालच्या दालनांतूनच बाग पाहावी.

उत्तर – माळीदादा
पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनच्या धर्तीवर आहे, ते ओकायामाचे कोराकुएन आणि हे कैराकुएन जपानच्या तीन नामांकित बागांत मोडतात. पुण्याच्या हिशेबाने पाण्याची अपेक्षा ठेवून जाल तर थोडे चकाल. येथे खरा मान झाडांचा आहे.

पायवाट
सर्वांचे आभार. मग शुक्रवारच ठरवतो. मितोपर्यंत एक्स्प्रेस आणि पुढे बस.