बिअर घालून केलेला पाव दडस आणि कडू का झाला?

इंदिरानगरवासी (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि गेली काही वर्षे घरच्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) केक, नानकटाई आणि यीस्टचा साधा पाव करते. मागच्या महिन्यात पाहुण्यांनी आणलेल्या बिअरच्या दोन छोट्या बाटल्या फ्रिजमध्ये उरल्या होत्या. बिअर यीस्टने आंबवलेली असते, म्हणजे पीठ आपोआप फुगेल, अशा समजुतीने मी तीन कप मैदा, मीठ आणि थोडी साखर घेऊन त्यात एक बाटली ओतली. पीठ फार चिकट वाटल्यामुळे आणखी मूठ-दोन मूठ मैदा घालून ते कणकेसारखे मळले आणि ओल्या फडक्याखाली रात्रभर झाकून ठेवले. सकाळी पीठ होते तेवढेच होते. तरीही ते भाजून पाहिले, तर पाव अगदी दडस झाला. कापताना आतला गर सुरीला चिकटत होता आणि घास गिळल्यावरही जिभेच्या मुळाशी कडवटपणा बराच वेळ रेंगाळत होता.

दुसरी बाटली साखरेबरोबर आटवून मी केकवर ओतण्यासाठी पाक केला, तो तर कडूजार झाला. बाटलीवर ‘आयपीए’ असे लिहिलेले होते, याचा यात काही संबंध आहे का? शिवाय घरात सात आणि अकरा वर्षांची मुले आहेत, सासूबाई माळकरी आहेत. भाजल्यावर बिअरमधले मद्य खरोखरच उडून जाते का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. बिअर घालून करता येण्याजोगा एखादा सोपा गोड पदार्थही कोणी सुचवला तर बरे होईल.

गंगापूर रोडकर

नमस्कार ताई. तुमच्या पावात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात मिळणारी बाटलीबंद बिअर बहुतेक वेळा गाळलेली असते आणि ती टिकावी म्हणून ठरावीक तापमानाला तापवलेली असते. त्यामुळे तिच्यात पीठ फुगवू शकेल इतके जिवंत यीस्ट उरत नाही; रात्रभर काय, दोन दिवस ठेवले तरी पीठ जागचे हलणार नाही. गोव्यात पूर्वी पोदेर (पाववाले) पावाच्या पिठात माडाची सूर, म्हणजे माडी, घालत आणि तो पाव छान फुगे, कारण ताज्या सुरेतले यीस्ट जिवंत असते. बाटलीतल्या बिअरकडून मात्र चव, रंग, किंचित आंबटपणा आणि थोडासा वायू एवढीच अपेक्षा ठेवावी. फुगवण्याचे काम बेकिंग पावडरनेच करायचे असते, आणि तुमच्या साहित्यात तिचे नावच नाही.

दुसरी गोष्ट मळण्याची. यीस्ट तासन्‌तास हळूहळू वायू सोडत राहते आणि तो धरून ठेवायला चिवट जाळे लागते, म्हणून यीस्टचा पाव मळावा लागतो. बेकिंग पावडरचा जोर थोड्याच वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात तिला सैल पीठच उचलता येते, मळून घट्ट केलेला गोळा तिला उचलवत नाही. वरून घातलेल्या जादा मैद्याने पीठ आणखी जड झाले असणार.

कडवटपणाचा संबंध मात्र थेट ‘आयपीए’शीच आहे. बिअरचा कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातून येतो आणि आयपीए या प्रकारात हॉप्स मुद्दामच सढळ हाताने वापरलेले असतात. उष्णतेने पाणी आणि मद्य उडते, पण हे कडू घटक उडत नाहीत. तुमच्या पाकाचा प्रकार याच कारणाने झाला. बिअर निम्मी आटली की कडूपणा जवळपास दुप्पट दाट होतो आणि साखर त्याला झाकू शकत नाही. पावासाठी साधी सौम्य लागर प्रकारची बिअर घ्यावी. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर मिळाली तर अधिकच चांगले, कारण तिला केळ्याचा आणि लवंगेचा जो हलका वास असतो तो पावात सुरेख उतरतो. काळी स्टाउट बिअर चॉकलेटच्या किंवा गुळाच्या पदार्थांसाठी राखून ठेवावी, कारण भाजलेल्या सातूची (जवाची) तिची चव साध्या पावात उपरी वाटते.

माझे प्रमाण असे आहे: ३७५ ग्रॅम मैदा, ४ छोटे चमचे बेकिंग पावडर, १ छोटा चमचा मीठ, ४० ग्रॅम साखर, ३३० मिलिलिटर बिअर आणि ५० ग्रॅम वितळवलेले लोणी. कोरडे जिन्नस दोनदा चाळून घ्यावेत. बिअर मापाच्या पेल्याने मोजू नये, कारण फेसामुळे हमखास कमी-जास्त होते. पातेले वजनकाट्यावर ठेवून ३३० ग्रॅम ओतली की काम झाले. मोठी ६५० मिलिलिटरची बाटली असेल तर साधारण निम्मी लागते. पिठाच्या मधोमध खळगा करून बिअर एकदम ओतली की पीठ सळसळते आणि पांढरा फेस कडेपर्यंत चढतो. त्याच वेळी लाकडी उलथन्याने खालून वर असे पंधरा-वीस वेळा फिरवावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच थांबावे. बारीक गाठी राहिल्या तर राहू द्याव्यात, त्या भाजताना विरघळतात. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट असावे, डावातून धार न पडता गोळा पडावा. ते साच्यात घालून वर लोणी ओतावे आणि ताबडतोब १८० अंशांवर आधीच तापवलेल्या ओटीजीत ठेवावे. ५० ते ५५ मिनिटे लागतात. मध्ये खुपसलेली सुरी कोरडी निघाली की पाव झाला. निदान तासभर निवल्याशिवाय कापू नये, कारण गरम पाव कापला तर नीट भाजलेला गरसुद्धा गिच्च वाटतो.

देवळालीकर

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या अनुभवातल्या दोन-तीन गोष्टी जोडते. लहान ओटीजीमध्ये वरची सळई पावाच्या फार जवळ येते आणि लोण्यामुळे माथा लवकर करपतो, म्हणून ३५ मिनिटांनंतर वर फॉइल सैल झाकावे. ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी निम्म्या प्रमाणात, गोल डब्यात, जुन्या कुकरमध्ये हा पाव करायला हरकत नाही. तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलेली, आत पाण्याचा थेंबही नाही, अशी तयारी करून कुकर मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावा आणि डबा आत ठेवल्यावर आच मंद करावी. पावणेएक तास तरी लागतो आणि वरची बाजू पांढुरकी राहते, पण काप तव्यावर लोणी लावून परतले की ती उणीव भरून निघते. नवा कुकर यासाठी वापरू नये, कोरड्या उष्णतेने तो खराब होतो.

आपल्याकडच्या जिनसांचा या पावाशी फार छान मेळ बसतो. ७५ ग्रॅम मैद्याऐवजी नागलीचे पीठ घातले तर पावाला मातकट तांबूस रंग आणि खमंगपणा येतो, आणि बिअरमधल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या सातूची) चव नागलीशी अगदी जुळते. याहून जास्त नागली घालू नये, कारण तिच्यात ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) नसल्यामुळे पाव ठिसूळ होतो. लासलगावच्या बाजारातून आलेला लाल कांदा आमच्या घरी पोत्याने असतो. त्यातले दोन मोठे कांदे उभे चिरून मंद आचेवर वीस मिनिटे, अगदी तपकिरी होईपर्यंत परतते आणि पूर्ण गार झाल्यावर ओव्यासोबत पिठात मिसळते. कांदा ओलसर राहिला तर त्याच्याभोवती पीठ कच्चे राहते, एवढे सांभाळावे. गोडाकडे झुकणारा पाव हवा असेल तर पिंपळगावकडचे बेदाणे मूठभर घेऊन त्याच बिअरमधल्या दोन-तीन चमच्यांत तासभर भिजवावेत.

पंचवटीकर

मद्य उडून जाण्याच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, आणि मला तो या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ‘भाजले की सगळे उडते’ हे आपण सर्रास ऐकतो, पण ते खरे नाही. मद्य ७८ अंशांच्या आसपास उकळते हे बरोबर असले तरी पिठातल्या पाण्यात मिसळलेले मद्य त्या तापमानाला एकदम निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, मिश्रणात घालून भाजलेल्या किंवा शिजवलेल्या पदार्थात १५ मिनिटांनंतर सुमारे ४० टक्के, अर्ध्या तासानंतर ३५ टक्के, तासाभरानंतर २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के मद्य शिल्लक राहते.

आता तुमच्या पावाचा हिशोब मांडू. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे साडेसोळा मिलिलिटर मद्य. तासाभराच्या भाजण्यानंतर त्यातले साधारण चार मिलिलिटर पूर्ण पावात राहील आणि पावाचे बारा काप केले तर एका कापात एक तृतीयांश मिलिलिटर येईल. ही मात्रा अत्यल्प आहे, पण शून्य नाही. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर घेतली तर हाच आकडा दीडपटीहून अधिक होतो.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र प्रश्न मात्रेचा नाहीच. ज्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आहे त्यांच्या नियमाला टक्केवारी लागू होत नाही. त्यांच्या ताटात असा पाव न सांगता वाढणे योग्य नव्हे, आणि थोडेसेच आहे म्हणून आग्रह करणेही योग्य नव्हे. त्यांच्यासाठी वेगळ्या साच्यात, त्याच प्रमाणाने, बिअरऐवजी साधा सोडा वॉटर आणि दोन चमचे दही घालून पाव करावा. तो तितकाच हलका होतो, फक्त माल्टची चव त्याला नसते. गरोदर स्त्रिया आणि दारू सोडण्यासाठी औषधे घेणारी माणसे यांना आधी सांगावेच. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांना तर यांतला कोणताच पाव चालणार नाही, कारण मैद्यात ग्लुटेन असते आणि बिअरमधल्या सातूतही. मुलांसाठी ०.० (मद्यविरहित) असे स्पष्ट छापलेली बिअर वापरता येते. ती बहुधा गोडसर असते, म्हणून साखर निम्मी करावी.

कॉलेज रोडवासी

ताई, गोड पदार्थासाठी स्टाउट, गूळ आणि सुंठ यांचा केक करून पाहा. आमच्याकडे पौषातल्या थंडीत तो दरवर्षी होतो. १८० मिलिलिटर स्टाउटमध्ये २०० ग्रॅम चिरलेला गूळ घालून, फक्त तो विरघळेपर्यंत गरम करावे आणि गाळून घ्यावे, कारण चांगल्या गुळातही बारीक कचकच निघते. गाळलेले मिश्रण पुन्हा गॅसवर ठेवून एक कढ आला की आच बंद करावी आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालावा. इथे पातेले चांगले मोठे आणि खोल हवे. स्टाउट आणि गूळ दोन्ही किंचित आम्लधर्मी असल्यामुळे सोडा पडताच तपकिरी फेस पाहता पाहता तिपटीने वर येतो. पहिल्या वर्षी माझे लहान पातेले उतू जाऊन निम्मे मिश्रण शेगडीवर गेले होते. फेस बसून मिश्रण पूर्ण गार झाले की त्यात १०० मिलिलिटर बिनवासाचे तेल आणि २ अंडी फेटावीत. मग २२५ ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, २ छोटे चमचे सुंठ, थोडी दालचिनी, किसलेले जायफळ आणि चिमूटभर मीठ हे एकत्र चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावे. आठ इंची डब्यात १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे लागतात.

हा केक ताजा खाण्यात अर्थ नाही. बटर पेपरमध्ये गुंडाळून एक रात्र ठेवला की सुंठेचा तिखटपणा आणि स्टाउटचा खरपूस कडवटपणा गुळात मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी तो ओलसर, काळपट आणि फार चविष्ट लागतो. चॉकलेटची आवड असेल तर २५ ग्रॅम मैदा कमी करून तेवढाच कोको घालावा, मात्र मग सुंठ निम्मी करावी.

इंदिरानगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी साध्या लागरचा पाव केला; निम्म्या पिठात देवळालीकर ताईंच्या पद्धतीने कांदा आणि ओवा घातला होता. या वेळी पीठ मळले नाही, मोजून अठरा वेळा फिरवले आणि साचा लगेच आत ठेवला. पाव साच्याच्या काठाच्या वर फुगला, माथ्यावर लांब भेग पडून त्यातले लोणी सोनेरी झाले आणि कापल्यावर आत सारखी जाळी दिसली. कडवटपणा अजिबात नव्हता. उलट कांद्याच्या कापाला भाजलेल्या धान्याचा जो वास येत होता तो मला पूर्वी कोणत्याही घरच्या पावात मिळाला नव्हता. सासूबाईंना सोडा वॉटर आणि दह्याचा पाव वेगळा केला आणि दोन्हींत काय घातले आहे तेही सांगितले. त्यांनी त्यांचा काप दुधात बुडवून खाल्ला आणि एकादशी झाली की पुन्हा कर म्हणाल्या. मुलांनाही मी तो सोडा वॉटरचाच पाव दिला, ०.० ची बाटली पुढच्या वेळी आणीन.

एक शंका राहिली. पावाचा तळ पांढुरका आणि किंचित ओलसर राहिला होता. वेळ वाढवावी का?

गंगापूर रोडकर

वेळ वाढवू नका, त्याने माथा वाळेल. जाळी एक खाच खाली सरकवा आणि खालची सळई चालू आहे ना ते पाहा. तळाला ओल सुटण्याचे दुसरे कारण म्हणजे पाव साच्यातच निवणे. बाहेर काढल्यावर दहाच मिनिटांनी तो साच्यातून सोडवून जाळीवर ठेवावा, नाहीतर आतली वाफ तळाशी साचते. साचा चकचकीत असेल तर गडद रंगाचा वापरून पाहा, त्यात तळ लवकर तांबूस होतो.