एप्रिलचं ऊन आणि दुचाकी : कोल्हापूरकरांचे अनुभव

कोल्हापूरचं ऊन विदर्भाएवढं नाही, म्हणून आपण ते अंगावर काढतो. अर्ध्या बाह्या, पायात चप्पल आणि भर दुपारी शिरोली नाका. पण एप्रिलमध्ये पारा ३८-४० ला टेकतो आणि मिरजेपुढे जत, पंढरपूरकडे गाडी वळली की त्याच्याही वर जातो. जे रोज गाडीवर असतात त्यांनी इथं लिहावं. किस्से नकोत. काय वापरता, किती, काय बिघडतं आणि का, एवढंच नेमकं लिहा.

सुरुवात हेल्मेटपासून करतो. गरम होतं म्हणून ते काढून हातात अडकवणं ही सगळ्यात महागाची चूक. आतला थर्माकोल उलट उन्हाची झळ अडवतो. डोकं शिजल्यासारखं वाटतं ते घाम आत कोंडल्यामुळे. पातळ सुती किंवा लायक्राची टोपी आत घाला. दोन ठेवा, दुपारी बदला. हवेची भोकं धुळीनं बुजतात, जुन्या टूथब्रशनं ती साफ करा. शहरात काच एक खाच उघडी चालते, पण हायवेवर गरम वारा थेट डोळ्यांवर येतो आणि डोळे कोरडे पडतात, तिथं ती पूर्ण बंद हवी. आयएसआय मार्क (आयएस ४१५१) बघून फिक्या रंगाचं घ्या. थांबल्यावर हेल्मेट तापलेल्या टाकीवर ठेवू नका, पेट्रोलच्या वाफेनं आतला थर कमजोर होतो.

फिरतीची नोकरी, कोल्हापूर–सांगली–जत

उन्हात कपडे कमी करायचे नसतात, वाढवायचे असतात. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की उघड्या हातावर लागणारा वारा उष्णता काढून नेत नाही, उलट घालतो. गार करतो तो फक्त घाम. आणि ६० च्या वेगात तो इतक्या लवकर वाळतो की आपल्याला घाम आलाय हेच कळत नाही. अंगातलं पाणी संपत जातं आणि आपण म्हणतो, "आज काही एवढं उकडत नाही."

म्हणून ही पद्धत. पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट पाण्यात बुडवायचा, पाणी टपकायचं थांबेल एवढाच पिळायचा आणि घालायचा. वरून जॅकेट. जाळीचं जॅकेट असेल तर पहिली १०-१५ मिनिटं थंडी वाजेल इतकं गार वाटतं, पण अर्ध्या तासात शर्ट खडखडीत वाळतो. ३८ च्या वर पारा असेल तर जाळीपेक्षा कापडी जॅकेट बरं. गळ्याशी चार बोटं चेन उघडी ठेवायची, मनगटाची चेनही थोडी उघडी. वारा बाहीतून आत शिरतो, गळ्यातून बाहेर पडतो आणि ओल तासभर टिकते. पूर्ण बंद केलं तर वाफ कोंडते, पूर्ण उघडलं तर लगेच वाळतं. हे माप ज्याच्या-त्याच्या जॅकेटवर दोन दिवसांत जमतं.

मानेला ओला पंचा. याला तोड नाही. दोन वेढे द्यायचे आणि टोकं जॅकेटच्या आत खोचायची, बाहेर लोंबती अजिबात नकोत. भिजवायला बर्फाचं पाणी लागत नाही. साधं नळाचं पाणी पुरतं. मी भिजवण्यासाठी एक लिटरची वेगळी बाटली ठेवतो. अर्धा लिटर गळ्यातून, छातीवर आणि दोन्ही बाह्यांत ओतलं की पुढचा टप्पा निघतो. पॅन्ट मात्र भिजवायची नाही. ओली जीन्स घासून मांड्या सोलवटतात.

सगळ्यात वाईट म्हणजे कोरडा शर्ट आणि वरून गळ्यापर्यंत बंद जाड जॅकेट. ती चूल झाली.

स्कूटर, कसबा बावडा

सनकोट आणि स्कार्फ वापरणाऱ्या मैत्रिणींसाठी. स्कार्फ तोंडाभोवती गुंडाळून वर हेल्मेट बसवलं तर हेल्मेट सैल पट्ट्यावर राहतं आणि पडल्यावर निसटतं. त्यापेक्षा नाक-मान झाकणारी शिवलेली पातळ टोपी घ्या. ओढणी-पदर कमरेला घट्ट खोवा. मागच्या सीटवरच्या बाईचा पदर चाकात जाऊन झालेले अपघात भयंकर असतात. साडीगार्ड काढून टाकू नका, मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला असणं नियमानंच बंधनकारक आहे.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, निघण्याआधी २० मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. सगळे चेहऱ्याला लावतात. रापतात ते हाताचे पंजे, मनगटाची पट्टी आणि मानेचा मागचा भाग.

गॅरेज, शिवाजी उद्यमनगर

माणसाचं झालं, आता गाडीचं बघा.

टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. सकाळी १० लिटर भरलं आणि दुपारी ते २० अंश जास्त तापलं तर जवळपास २०० मिली जागा जास्त लागते. बीएस-६ गाडीत हे जादा पेट्रोल टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं, मग गाडी स्टार्टिंगला त्रास देते आणि पेट्रोलचा वास येत राहतो. लोक इंजेक्टर साफ करत बसतात, दोष भरण्यातला असतो. पंपावर नोझल कट झाला की बस म्हणा.

जुनी कार्बोरेटरची गाडी उन्हात ५-१० किलोमीटरवर बंद पडते आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू होते? आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज करून हवा आत ओढली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. सुईनं आणि हवेच्या प्रेशरनं साफ होतं, खर्च काही नाही.

ऑइल गाडी सरळ उभी करून, सपाट जागी, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी बघा. उन्हाळ्यात खालच्या खुणेजवळ असेल तर तसंच रेटू नका. ग्रेड पुस्तकात लिहिलाय तोच. 'उन्हाळ्यासाठी घट्ट' म्हणून कुणी दुसरं टाकून देतो म्हटलं तर ऐकू नका, नव्या गाड्यांचे ऑइलमार्ग बारीक असतात. हवेवर गार होणाऱ्या इंजिनच्या पट्ट्यांत ऊसाच्या रानातला चिखल वाळून बसतो, तो खरडून नव्हे, भिजवून ब्रशनं काढा. इंजिन गार असतानाच. तापलेल्या इंजिनवर गार पाणी मारलं तर धातू तडकू शकतो.

रेडिएटरवाल्यांनी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घालावं (तयार मिसळलेलं असेल तर नुसतंच). बोअरचं पाणी घातलं की आत क्षार बसतात. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं, हे लई वेळा सांगावं लागतं.

पार्सल डिलिव्हरी, शाहूपुरी

चाकातली हवा. सकाळी गार असताना कंपनीच्या स्टिकरवर आहे तेवढीच. दुपारी टायर तापल्यावर मीटर जास्त दाखवतो, दर १० अंशाला साधारण दीड पीएसआय. जास्त झाली म्हणून सोडू नका. सोडली तर संध्याकाळी कमी भरते, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो. उन्हात टायर फुटतो त्यामागे बऱ्याचदा कमी हवाच असते.

डॉक्टर

पाण्याबद्दल नेमकं. तहान लागायची वाट न बघता दर २० मिनिटांनी १५० ते २०० मिली. तासाभराच्या फेरीला साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त असेल तर मीठ हवंच. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते. ती ग्लासभर पाण्यात टाकून पिणं चूक, मिठाचं प्रमाण भलतंच वाढतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. २४ तासांनंतर उरलेलं फेकायचं. ताकात मीठ घालून प्या, उत्तम. उसाच्या रसात साखर भरपूर, मीठ नाही, म्हणून तो पाण्याची जागा घेत नाही. घ्यायचाच तर लिंबू-मीठ घालून आणि बर्फाशिवाय. बीपी, मूत्रपिंड, मधुमेह असणाऱ्यांनी मिठाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. लघवी गडद पिवळी झाली की आपण मागे पडलोय असं समजा.

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले की गाडी लगेच सावलीला. पण बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला, शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात. अशावेळी घाम असेलही, नसेलही, त्यावर जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबू नका. कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, वारा घाला, काखेत, जांघेत, मानेला बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही, हा ताप वेगळा.

गगनबावडा रस्ता, नेहमीचा

ओल्या शर्टाची गोष्ट खरी, पण घाटाच्या वरच. करूळ किंवा आंबा घाट उतरून कोकणात गेलात की हवेतच इतकी वाफ असते की शर्ट वाळतच नाही. अंगाला चिकटतो आणि आत उकडतं. खाली उतरल्यावर कोरडा पातळ शर्ट, जाळीचं जॅकेट आणि सगळ्या चेन उघड्या. थांबे दुप्पट, आणि शक्य तर दहाच्या आत पोचायचं.

जोतिबाला चैत्र यात्रेत जाणाऱ्यांसाठी

गुलाल काचेवर बसला तर कोरड्या फडक्यानं पुसू नका, चरे पडतात आणि संध्याकाळी समोरच्या दिव्यांचे फाटे दिसतात. पाणी ओतून वाहू द्या. उतरून आल्यावर एअर फिल्टर बघा. कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा किंवा बदला, फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून. चेनवर गुलाल आणि धूळ मिळून कणीक होते, रॉकेलनं पुसून पुन्हा ल्यूब.

मागच्यांत भर

दुपारी साइड स्टँड डांबरात रुततो आणि गाडी आडवी होते. डिकीत फरशीचा चपटा तुकडा ठेवा. चकाकणारं काळं डांबर दिसलं की ते सुटलेलं असतं, त्यावर ब्रेक नको. आणि वळीव आला तर पहिली १०-१५ मिनिटं धूळ, ऑइल आणि पाण्याचा निसरडा थर रस्त्यावर असतो. टपरीखाली थांबा, तो धुऊन गेला की निघा.