कॉम्प्युटर सुरूच होत नाही, बाबांचं सगळं लिखाण आत अडकलंय

मानेवाड्याची_लेक:

नमस्कार मंडळी. परवाच्या वादळात आमच्याकडची लाइट गेली, आणि आली तेव्हापासून बाबांचा डेस्कटॉप सुरूच होत नाहीये. पंखा फिरतो, कंपनीचं नाव येतं, मग काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' अशी ओळ येऊन गाडी तिथेच थांबते. विंडोज 7 आहे, 500 जीबीची हार्डडिस्क.

बाबा 78 वर्षांचे आहेत. साकोलीकडे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर नागपूरला आले आणि तेव्हापासून झाडीबोलीतले (पूर्व विदर्भातल्या आमच्या मराठी बोलीतले) शब्द, म्हणी, दंडारीतली (तिकडच्या लोकनाट्यातली) गाणी टाइप करून ठेवतात. नुसत्या धानाच्या शेतीच्या शब्दांचीच एक वेगळी फाइल आहे. बांधी, पऱ्हे, रोवणा, चुरणा, आणि प्रत्येकाखाली कोणी सांगितलं, कोणत्या गावचं, कसं वापरतात ते. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत. कागदावरच्या जुन्या वह्या होत्या, त्या गावच्या घरात वाळवीने खाल्ल्या. म्हणजे जे आहे ते याच डब्यात. शिवाय घराची कागदपत्रं, आईच्या दवाखान्याचे रिपोर्ट, गावच्या शेताचे फेरफार, सगळं स्कॅन करून त्यातच.

बर्डीवरच्या एका दुकानात नेला होता. त्यांनी जरा वेळ पाहून सांगितलं, 'विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल. डी-ड्राइव्हमधलं राहील, सीमधलं जाईल.' बाबांच्या फायली सगळ्या डेस्कटॉपवर. मी तसाच उचलून घरी आणला. बाबा काही बोलत नाहीत, पण दिवसातून चारदा त्या खुर्चीत जाऊन बसतात. मशीन गेलं तर गेलं, फायली निघतील का?

हिंगणा_रोड:

ताई, घाबरू नका, होतं असं. विंडोजची सीडी लावा, रिपेअरमध्ये जा आणि चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) चालवा. माझं असंच झालं होतं, चेकडिस्कने सुरू झालं. नाहीच झालं तर डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी थोडा वेळ चालते असं ऐकलंय.

बर्डीचा_कारागीर:

ताई, मशीन परत आणलं हे फार चांगलं केलं. डेस्कटॉप हा सी-ड्राइव्हमध्येच असतो, फॉरमॅट मारला असता तर बाबांचं काम त्याखाली गेलं असतं. मी बरीच वर्षं बर्डीवर हेच काम करतो. मशीन सुरू करणं हे एक काम आहे आणि आतल्या फायली काढणं हे दुसरं. दुकानदाराला बहुतेक वेळा पहिलंच काम सांगितलेलं असतं, म्हणून तो फॉरमॅटकडे जातो. तुम्ही त्याला 'सुरू करून द्या' म्हणू नका, 'फायली काढून द्या' म्हणा. फायली हातात येईपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ द्यायचं नाही. विंडोज टाकायची नाही, दुरुस्ती करायची नाही, कुठलं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवायचं नाही.

हिंगणा रोडवाले भाऊ, तुमचं मन चांगलं आहे, पण हे दोन्ही सल्ले कोणी पाळू नयेत अशी माझी हात जोडून विनंती आहे. चेकडिस्क डिस्कवर लिहितं. तुटकी नोंद सापडली की फाइलीचे तुकडे काढून 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकतं. त्याला विंडोज सावरायची असते, तुमची फाइल नव्हे. डिस्क मरायला टेकली असेल तर त्या खटाटोपातच ती जाते. आणि फ्रीजर! आपल्याकडे मे-जूनच्या हवेत फ्रीजरमधून थंडगार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी सुटतं. आत तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं हेड यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी फट असते. तिथे ओल गेली की संपलं.

ताई, आता तीन गोष्टी बघून सांगा. एक, चालू केल्यावर डिस्कमधून टक-टक किंवा खरखर असा आवाज येतो का? येत असेल तर लगेच बंद करा आणि परत लावू नका. मग ती डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्यायची, घरी काहीच करायचं नाही. दोन, चालू करताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा, तिथे हार्डडिस्कचं नाव दिसतं का? तीन, तिथे तारीख कोणती आहे?

मानेवाड्याची_लेक:

दादा, खूप आभार. माझा भाचा शेजारीच राहतो, त्याला बोलावलं. आवाज काही नाही, कान लावून ऐकलं. डिस्कचं नाव दिसतं. तारीख मात्र 1 जानेवारी 2009 आहे! ती बदलू का?

बर्डीचा_कारागीर:

तारीख तशीच राहू द्या, तिने आपल्याला बरंच सांगितलं. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर2032, घड्याळात घालतात तसला. मशीनला लाइट असते तोवर तो संपलाय हे कळत नाही. लाइट पूर्ण गेली की बायोस सगळं विसरतं. तारीख मागे जाते, आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तेही कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं. तुमच्या वादळातल्या प्रकाराशी हे जुळतं. विंडोज उडालीच नसेल कदाचित.

पण सेल बदलून लगेच विंडोज सुरू करून पाहू नका. इतकी जुनी डिस्क आहे, लाइट झटक्याने गेलीये, आतून कशी आहे ते आपल्याला माहीत नाही. विंडोज सुरू होतानाच डिस्कवर भराभर लिहायला लागते. आधी प्रत.

त्यासाठी 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, ज्यातलं सगळं पुसलं गेलं तरी चालेल असा. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) एक्सएफसीई आवृत्ती उतरवा, जुन्या मशीनला ती हलकी पडते. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवा. पार्टिशन स्कीममध्ये एमबीआर निवडा, जुन्या बायोसला तेच कळतं. मग बाबांच्या मशीनला पेनड्राइव्ह लावून चालू करताना बूट मेन्यूचं बटन दाबा. कुठे एफ12, कुठे एफ11, कुठे एफ8 असतं, सुरुवातीला पडद्याच्या खालच्या कडेला लिहिलेलं दिसतं. त्यात पेनड्राइव्ह निवडा.

मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, हार्डडिस्कला हात लावत नाही. फक्त पडद्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं एक चिन्ह दिसेल, त्यावर कोणीही क्लिक करायचं नाही. भाच्याला हे आधीच बजावून ठेवा, पोरांचा हात पटकन जातो. मग फोल्डर उघडून डिस्क बघा, त्यात यूजर्स, त्यात बाबांच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. बाहेरची यूएसबी हार्डडिस्क लावा आणि तिच्यावर कॉपी करा. सगळं एकदम ओढू नका. आधी धानाची फाइल, मग बाकीचं लिखाण, मग घराचे कागद. फोटो आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

आणि मशीनचं एका बाजूचं झाकण काढून ठेवा, पण कूलरच्या झोतात ठेवू नका. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरची हवा आपल्याला बरी वाटते, उघड्या मशीनला ती ओल नको. शक्यतो सकाळीच काम करा, आणि इन्व्हर्टरवर जोडून.

मानेवाड्याची_लेक:

दिसलं!! डेस्कटॉपचं फोल्डर उघडलं आणि सगळ्या फायली नावानिशी आहेत. बाबांना हाक मारून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. धानाची फाइल आणि म्हणींचं फोल्डर कॉपी झालं.

पण दोन अडचणी आहेत. 'दंडार' नावाच्या फोल्डरवर कॉपी अडकते. पट्टी पुढे सरकतच नाही, मग इनपुट-आउटपुट एरर म्हणून काहीतरी येतं. दुसरं म्हणजे, कॉपी झालेली फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर मराठीच नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची नुसती खिचडी. फाइल खराब झालीये का? बाबांना हे अजून सांगितलं नाही.

महालातला_डीटीपी:

ताई, दुसऱ्या अडचणीचं मी सांगतो, फाइल खराब नाही. बाबांना अगदी निर्धास्तपणे सांगा. त्या काळी आम्ही सगळे कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप करायचो. त्या फाँटमध्ये फाइलीत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फाँट फक्त त्याला मराठी रूप देतो. तुमच्या लॅपटॉपवर तो फाँट नाही म्हणून मूळ अक्षरं दिसून राहिली. बाबांच्या डिस्कवर विंडोज नावाच्या फोल्डरात फाँट्स म्हणून फोल्डर आहे, ते आख्खं कॉपी करा. लोक हे नेहमी विसरतात आणि मग जुनी डिस्क भंगारात गेल्यावर आमच्याकडे येतात. लॅपटॉपवर तो फाँट टाकला की बाबांची फाइल जशी होती तशी दिसेल. फायलींत पेजमेकरच्या (पानं मांडायचा जुना प्रोग्राम) असतील तर लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रामच्या ड्रॉमध्ये उघडून बघा. मांडणी थोडी हलते, पण मजकूर मिळतो.

नंतर सावकाश कन्व्हर्टर प्रोग्रामने युनिकोडमध्ये (ज्यात साठवलेलं अक्षरच मराठी असतं) बदलून घ्या, म्हणजे मोबाइलवरही वाचता येईल. पण मूळ फाइल तशीच ठेवून, बदललेली वेगळ्या नावाने. या जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर बहुतेक वेळा नीट फिरवतो, पण जोडाक्षरावर रफार आला की चुकतो. एरवीच्या मराठीत ती चूक डोळ्याला लगेच खटकते. झाडीबोलीचा शब्द मात्र मला किंवा तुम्हाला ओळखू येणार नाही, तो बाबांनीच वाचून बरोबर म्हणायला हवा. वर्डमधलं आपोआप शुद्धलेखन सुधारणं बंद ठेवा, ते बोलीतला शब्द 'शुद्ध' करून टाकेल. आणि आईचे रिपोर्ट, घराचे कागद असल्या फायली कुठल्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. लिखाणासाठीही इंटरनेटशिवाय चालणारा मिळाला तर तोच वापरा.

बर्डीचा_कारागीर:

महालवाल्या भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं, फाँटचं फोल्डर माझ्या डोक्यातही आलं नसतं.

आता 'दंडार'. तिथे परत परत कॉपी मारू नका. डिस्कचा तेवढा भाग वाचता येत नाहीये, आणि दर वेळी डिस्क त्याच जागी डोकं आपटते. आधी ते फोल्डर सोडून बाकी सगळं काढून घ्या. मग मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम आहे, त्यात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, उघडा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' (वाचता न आलेल्या जागा) पुढचा आकडा बघा. शून्य असायला हवा. जास्त असेल तर डिस्क हळूहळू चालली आहे.

मग 1 टीबीची रिकामी बाहेरची डिस्क घ्या आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने आख्ख्या डिस्कची प्रत काढा. सिस्टिमरेस्क्यू नावाच्या पेनड्राइव्हवाल्या लिनक्समध्ये ते तयार असतं. साधी कॉपी खराब जागी अडून बसते. हे आधी सोपं सोपं सगळं वाचून घेतं, अवघड जागा सोडून पुढे जातं, मग शेवटी त्या तुकड्यांकडे परत येतं. कुठवर झालं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मधे लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. ती मॅपफाइल सांभाळा. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर हे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाईल, म्हणून भाच्याने एकट्याने करू नये. आकार आणि कंपनीचं नाव दोघांनी मोठ्याने वाचून मगच एंटर दाबा. जमत नसेल तर मशीन घेऊन बर्डीवर या, मी समोर बसून करून देतो. तुम्ही आणि बाबाही बसा.

हिंगणा_रोड:

दादा, फ्रीजरचं मी खरंच चांगल्या मनाने लिहिलं होतं, पुढे कोणाला सांगणार नाही. एक विचारायचं होतं. माझा लॅपटॉप विंडोज 11 चा आहे, तो असा बंद पडला तर हाच मार्ग चालेल का?

बर्डीचा_कारागीर:

भाऊ, तुमच्या मनाबद्दल शंका नव्हतीच. मार्ग हाच, पण मधे एक कुलूप आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बरेचदा बिटलॉकरने बंद केलेली असते, आणि मालकाला पत्ताच नसतो. लिनक्समधून उघडायला गेलं की 48 अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात असते. आजच, लॅपटॉप धड चालू असताना, खात्यात जाऊन बघा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा. की नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही कोणी काही काढू शकत नाही, मीही नाही.

मानेवाड्याची_लेक:

आकडा शून्य नव्हता. दादांकडे जाऊन आलो, बाबाही होते. 'दंडार'मधल्या फायली निघाल्या. दोन गाण्यांच्या फायली अर्ध्याच उघडतात, त्या बाबा आठवून परत लिहायला बसले आहेत. फाँटचं फोल्डरही आणलं, लॅपटॉपवर मराठी छान दिसतंय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता सेल बदलला तर बाबांना तेच मशीन वापरू देऊ का? त्यांना त्याच कीबोर्डची सवय आहे.

बर्डीचा_कारागीर:

कीबोर्ड तोच, मशीनही तेच ठेवा. सेल नवीन, आणि डिस्कच्या जागी नवीन एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) बसवा. जुनी डिस्क परत लावू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका, आईचे रिपोर्ट आणि शेताचे कागद अजून तिच्यावर आहेत. ती कपाटात राहू द्या. काढलेल्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर तुमच्या घरी, एक भाच्याकडे, आणि धानाची फाइल तरी गूगल ड्राइव्हवर. एसएसडी घेऊन आलात की कृतिदेव मी त्यात टाकून देतो.