कर्जातला मुका 'बी': पंडितांची लुडबुड की घराण्याची खूण?

वाटसरू: लेकीच्या वहीत कर्ज या अर्थाच्या 'डेट'चं स्पेलिंग 'बी' गाळल्यामुळे चुकलं. माझ्या मते ती इतिहासाला धरूनच होती! लॅटिन 'देबेरे' म्हणजे देणं लागणं. मूळ 'दे' अधिक 'हाबेरे', म्हणजे दुसऱ्याचं घेऊन आपल्याजवळ ठेवणं. (आपल्या 'देणे'शी काडीचा संबंध नाही, उगाच जोडू नका.) त्यावरून 'देबितुम', ते फ्रेंचांच्या तोंडी झिजून 'देत', आणि नॉर्मन राजवटीनंतर इंग्रजीत आलं ते हेच, 'बी'विना. पुढे लॅटिनवेड्या पंडितांनी तो परत कोंबला.

जुनी_वही: कोंबला कसला, हरवलेला सापडला म्हणा. त्या 'बी'मुळेच डेबिट आणि डिबेंचर ही भावंडं ओळखू येतात. आणि एकट्या इंग्रजांना का झोडपता? फ्रेंचही काही काळ 'बी' घालून लिहीत होते.

वाटसरू: पण त्यांनी नंतर काढून टाकला ना! आपणही 1962च्या नियमांत 'नांव'वरचा न उच्चारला जाणारा अनुस्वार काढला. कुणाचं नाव बुडालं?

जुनी_वही: अनुस्वार गेला तरी 'नाव' आणि 'नामकरण' शेजारी दिसतात. इंग्रजीत दुवा तुटला की तुटलाच.

कट्टेकरी: हे भांडण शेक्सपियरच्या काळातलं आहे हो. 1598 साली छापलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये होलोफर्निस नावाचा पंतोजी आहे. लोक यातला 'बी' उच्चारत नाहीत म्हणून तो थयथयाट करतो. प्रेक्षक हसायचे ते त्याला, लोकांना नव्हे.

वाटसरू: बघा!

कट्टेकरी: थांबा, सगळीकडे पंतोजी हरला नाही. 'फॉल्ट' फ्रेंचमधून आला 'फोत' म्हणून, 'एल'विना. लॅटिनकडे बोट दाखवून 'एल' घातला आणि आज सगळे तो उच्चारतात. आपल्याकडे 'डेब्ट फंड' म्हणणारे कितीतरी भेटतात, तेव्हा होलोफर्निस निम्मा तरी जिंकलाय.

जुनी_वही: एक मात्र कबूल. 'आयलंड'मधला 'एस' निव्वळ भोंदू. शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, लॅटिन 'इन्सुला'शी रक्ताचं नातं नाही. फ्रेंचकडून आलेल्या 'आइल'च्या देखादेखी चिकटला. पण म्हणून 'बी'ला त्याच पंक्तीला बसवू नका, 'बी' खरा वारस आहे.

वाटसरू: वारस असेल, पण घरात राहून तोंड उघडत नाही त्याचं काय? लेकीला उद्या 'बी' घालायला सांगतो, मार्क जातात म्हणून. पटलं म्हणून नव्हे.