भारहुतच्या कठड्यावरचं कऱ्हाड
कुणीतरी विचारलंय, भारहुतच्या (मध्य प्रदेशातल्या प्राचीन बौद्ध स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावरच्या) शिल्पांत बुद्ध कुठेच का दिसत नाही? दिसतो, पण माणसाच्या रूपात नाही. बोधिवृक्ष, रिकामं आसन, धर्मचक्र, पावलांचे ठसे, यांतून ओळखायचा.

हा कठडा बघायला कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेलात तर जेतवन बागेची कथा कोरलेलं वर्तुळ शोधाच. अनाथपिंडिक हा श्रीमंत व्यापारी बुद्धासाठी ही बाग विकत घेतोय: गाडी सोडलेली, बैल मोकळे, आणि माणसं जमिनीवर चौकोनी नाणी फरशीसारखी मांडतायत. नाणी चौकोनी, कारण तेव्हाची आहत (ठसे मारलेली) नाणी बरेचदा तशी असायची! अनाथपिंडिकाच्या हातात दानाचं पाणी सोडायला झारी आहे, आणि खाली ब्राह्मीत चक्क मथळा कोरलाय. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची सचित्र कथाच म्हणा ना.

आपल्यासाठी खरी गंमत दानलेखांत, म्हणजे कोणता दगड कुणी दान दिला हे सांगणाऱ्या कोरीव ओळींत आहे. एकात 'करहकट' निगमाचं (व्यापारी गावाचं) दान नोंदलंय. हे आपलं कऱ्हाडच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाशिकच्या एका बाईने दिलेला खांबही आहे. कुठे कृष्णाकाठ, कुठे सतना जिल्हा! ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने 1873 मध्ये हा स्तूप शोधला तोवर गावकऱ्यांनी बरेचसे दगड घरं बांधायला नेले होते. त्या दगडांबरोबर आणखी किती आपल्या गावांची नावं गेली असतील, कोण जाणे.